राखेच्या खोलीची किल्ली

आमचे साहेब चालायला लागले की त्यांच्या खिशांतून खुळखुळ आवाज यायचा. तो संपलेल्या सेलचा. टॉर्चचे, रिमोटचे, भिंतीवरच्या घड्याळांचे सेल ते कचऱ्याच्या ढिगातून स्वतःच्या हातानं वेचायचे आणि पँटच्या खिशात कोंबायचे. सेलसाठी वेगळा डबा होता, त्यावर 'फक्त सेल' अशी अक्षरं त्यांनीच रंगवली होती. पण डब्यापर्यंत जायचा धीर त्यांनाच नसायचा. सेल दिसला की झडप. त्यामुळं सगळ्या पँटींचे खिसे उसवलेले आणि पँट सदा कमरेवरून घसरलेली. एका हातानं पँट सावरायची, दुसरा हात हवेत नाचवायचा आणि आमच्यावर ओरडायचं, हे त्यांचं कायमचं ध्यान. आमच्या साखरशेत गावची माणसं त्यांना 'सेलवाला' म्हणायची. मीही म्हणायचे, अर्थात त्यांच्यामागे.

आमच्या गावाच्या वरच्या माळावर एका कंपनीनं कचरा जाळून वीज करायचा छोटा प्रकल्प टाकला होता. जव्हारच्या बाजाराचा कचरा आणि घाटाखालच्या शहरांतून ट्रकनं चढून येणारा कचरा, दोन्ही तिथं जळायचा. भट्टीवर पाणी उकळायचं, वाफेनं चक्र फिरायचं आणि वीज तारेतून कुठं तरी निघून जायची. कुठं तरी म्हणते, कारण आमच्या पाड्यावरचे दिवे पूर्वीसारखेच जायचे. गावातल्यांना नोकऱ्या द्यायच्या म्हणून कंपनीनं मला, डिप्लोमा करून घरी बसलेल्या मुलीला, वाफेचा दाब दाखवणाऱ्या काट्यांच्या पॅनेलसमोर बसवलं. साहेब प्रकल्पाचे प्रमुख होते. देशावरचे, पन्नाशी उलटलेले, एकटेच राहायचे. पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं नाही.

"काल घरी काय शिजलं होतं?"

"नाचणीची भाकर आणि सुक्या बोंबलाचं कालवण."

"उरलं ते कुठं टाकलंत?"

"काहीच उरलं नाही."

"शाबास," ते म्हणाले. "म्हणजे तुझ्या गावाकडून आम्हाला काही मिळायचं नाही." आणि खुळखुळत निघून गेले. माणूस चेष्टा करतोय की कौतुक, हे कळायला मला बरेच दिवस लागले. दोन्ही नव्हतं. ते खरंच हिशेब करत होते, भट्टीच्या जेवणाचा.

भट्टीला ते 'ती' म्हणत. सकाळी गेटातून आत येतानाच पहिला प्रश्न, "ती जेवली का?" तिची आच जमून काटा जागेवर आल्याशिवाय साहेब स्वतःचा डबा उघडायचे नाहीत. आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सडका पालाच पाला यायचा, आत नुसतं धुमसायचं, काटा वर सरकायचा नाही आणि साहेबांना दुपार टळली तरी उपास घडायचा. मग ते ढिगाशी जाऊन मूठभर कचरा उचलत, पिळत, बोटं नाकाशी नेत आणि ओरडत, "अरे, पाणी पाजताय तिला! पाणी!" पावसाळ्यात तर तमाशाच. आमच्या पठारावर पाऊस आडवा येतो. शेडखाली झड आली की साहेब छत्री घेऊन ढिगाशी उभे. छत्री ढिगावर आणि साहेब पावसात. एवढ्या मोठ्या ढिगाला एक छत्री! आम्ही तोंडं फिरवून हसायचो, कारण समोर हसायची सोय नव्हती. साहेबांचा राग वाईट होता आणि कधी उसळेल याचा नेम नसायचा.

पण खरा राग राखेचा.

भट्टीतून दोन प्रकारची राख निघते. खाली पडते ती जाड, खड्यांची. दुसरी धुराबरोबर वर जाते आणि चिमणीच्या आधी मोठ्या कापडी गाळण्यांत अडकते. ही बारीक, मऊ, अगदी नाचणीच्या पिठाच्या रंगाची. ती गोण्यांत भरून मागच्या खोलीत ठेवायची आणि कंपनीची चारी बाजूंनी बंद गाडी आली की तिच्या ठरलेल्या जागी, लांब, पुरायला पाठवायची, असा नियम. त्या खोलीला साहेबांनी स्वतःचं कुलूप लावलं होतं आणि किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली होती. "जाळणं कुणालाही येतं," ते म्हणायचे. "राख सांभाळायला माणूस लागतो." हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं की ते तोंड उघडायच्या आत आम्ही मनात म्हणून घ्यायचो.

त्या वर्षी मात्र गाडी येईनाशी झाली. आज येईल, उद्या येईल, असं करता करता खोली छतापर्यंत भरली. साहेब फोनवर आधी विनवायचे, मग भांडायचे, मग फोन ठेवून त्या खोलीला एक चक्कर मारून कुलूप ओढून बघायचे. दिवसातून किती तरी वेळा. छताच्या एका कोपऱ्यातला पत्रा सरकलेला होता, तो त्यांच्या डोक्यातून जाईना. उन्हाळा उतरणीला लागला होता.

आणि नेमके ते दिवस राबाचे. आमच्याकडे पेरणीच्या आधी उतारावरच्या एका तुकड्यात पालापाचोळा, काटक्या, शेण, गवत पसरून जाळतात. तो राब. त्या राखेत भात आणि नाचणी धूळपेर टाकायची, पाऊस आला की रोपं तरारून येतात आणि मग ती उपटून दुसरीकडे लावायची. राख चांगली तर रोप चांगलं, आणि रोप चांगलं तर वर्ष चांगलं. पण आता जंगलातून पाला आणणं पूर्वीसारखं सोपं राहिलेलं नाही. अशा वेळी गावाच्या डोक्यावर एक खोली भरून तयार राख पडून आहे, आणि एक सेलवाला तिला कुलूप लावून बसलाय! माणसं मागायला आली त्यात नवल ते काय. माझे काकाच पुढं होते.

"साहेब, राख द्या थोडी. राबाला बेस होईल."

"ही राख नाही," साहेब म्हणाले.

"मंग काय हाय?"

"नाही म्हटलं ना! एकदा सांगून कळत नाही? चला, निघा!"

झालं. समजावून सांगायची कला त्या माणसाच्या अंगात औषधालासुद्धा नव्हती. भट्टीशी तासन्तास बोलेल, पण माणसांशी दोन वाक्यं धड नाहीत. काका घरी येऊन माझ्यावरच डाफरले, "तुझा साहेब आमाला कुत्र्यासारखां हाकलतो." पाड्यावर चर्चा सुरू झाली की सेलवाला राख चोरून विकतो. मी साहेबांना चिडून म्हटलं, "जरा नीट सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं?" त्यांनी खिशातून एक सेल काढून माझ्यासमोर धरला. मग म्हणाले, "सेल, ट्यूबलाइट, रंगाचे डबे. सगळं वेचून होत नाही गं माझ्याच्यानं. जळून गेलं असं आपल्याला वाटतं. शिसं कुठं जळतं? ते राखेत बसतं." एवढं बोलून ते परत ढिगाकडे गेले. हे त्यांनी काकांना सांगायला हवं होतं. त्यांनी ते मला सांगितलं.

पेरणीच्या तोंडावर गाडीचं भांडण मिटवायला साहेब स्वतः ठाण्याला गेले. ते गेले आणि कंपनीचा मॅनेजर आला. पांढराशुभ्र शर्ट, मऊ बोलणं, सगळ्यांना नमस्कार. ग्रामसभेत प्रकल्प वाढवायचा ठराव होणार होता आणि त्याला गाव खूश हवं होतं. माझी त्या दिवशी सुट्टी होती आणि मी आईला घेऊन जव्हारच्या दवाखान्यात गेले होते.

दुसऱ्या दिवशी मी कामावर आले तेव्हा साहेब ठाण्याहून येऊन नुकतेच एसटीतून उतरले होते. "ती जेवली का?" विचारून ते सवयीनं मागच्या खोलीकडे गेले. मी मागोमाग. त्यांनी गळ्यातली किल्ली कुलपात घातली. फिरेना. काढली, पुसली, परत घातली. फिरेना. मग मला दिसलं की कडीकुलूपच नवं होतं, चकचकीत; साहेबांचं जुनं कुलूप उपटलेल्या कडीसकट पायरीशी पडलं होतं. साहेबांना ते दिसत होतं की नाही कोण जाणे, ते किल्ली फिरवतच राहिले. शेवटी मी कोपऱ्यातला दगड उचलून कडी ठोकून तोडली. दार उघडलं. खोली झाडून काढल्यासारखी रिकामी होती.

"कुठं गेली?" ते मला विचारत होते, पण उत्तर त्यांना माहीत होतं. वॉचमन म्हणाला, "मॅनेजरसाहेबांनी गावाला वाटली. ट्रॅक्टर लावून. लोक जाम खूश झाले."

साहेबांनी मान वर करून पश्चिमेकडे बघितलं. घाटाखालून ढग वर यायला लागले होते. "राब विहिरीच्या वर आहेत ना गं तुमचे?" त्यांनी विचारलं. होते. सगळे उतारावर, आणि उताराच्या पायथ्याला पाड्याची एकुलती एक विहीर. मी स्कूटी काढली. साहेब मागे बसले, खिशातले सेल प्रत्येक खड्ड्यात वाजत होते.

काका राबाच्या बांधावरच होते, खुशीत. "ये गो बाय! बघ, पेरून झाला. आता येव दे पाऊस." राबावर ती मऊ राख एकसारखी पसरलेली. साहेबांनी बूट काढले, पेरलेल्या राबात आमच्यात कुणी पायताण घालून जात नाही हे त्यांना कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक, आणि सरळ मधोमध जाऊन उभे राहिले.

"हे सगळं काढायचं. वरची माती, बियाणासकट. पाऊस यायच्या आत."

माणसं गोळा झाली. बियाणासकट? वर्षभर उंदरांपासून जपलेलं बी, पेरलेलं, उकरून काढायचं? कुणी हसलं, कुणी शिवी घातली. काकांचा आवाज चढला. "काल तुमचाच माणूस देऊन गेला, आज तुमी काढा म्हणता. आमी काय येडे हाव?" मी मधे पडले. राखेत विष आहे म्हटलं, शिसं आहे म्हटलं. शिसं हा शब्द मी शाळेत शिकले होते, त्या बांधावर त्याचं वजन शून्य होतं. वारा सुटला. राखेची एक पातळ चादर उठली आणि विहिरीच्या अंगाला सरकली. विहिरीवर बायका हंडे भरत होत्या.

आमच्या पाड्यावर एक फार म्हातारी बाई आहे, सगळे तिला डोकरीच म्हणतात. ती काठी टेकत पुढं आली. "राखंत कसां विष? राखनं आमी भांडी घासू, दात घासू. राख कधी कुणाला डसली कां?" आणि गोणीत उरलेली चिमूटभर राख उचलून तिनं, सगळ्यांना दाखवत, हिरडीकडे नेली.

साहेबांनी तिच्या हातावर फटका मारला.

सटकन आवाज आला. परक्या माणसानं आमच्या डोकरीवर हात टाकला. पुढच्या क्षणी काकांनी साहेबांची कॉलर धरली होती, दोघं-तिघं धावून आले होते, कुणाच्या तरी हातात कुऱ्हाड होती आणि मी किंचाळत होते. ओढाताणीत साहेबांचा खिसा उरलासुरला फाटला आणि सगळे सेल राबात सांडले. आणि तो माणूस, गळा आवळलेला, कॉलर काकांच्या मुठीत, तशा अवस्थेत खाली वाकायला लागला. सेल वेचायला. एक एक उचलून छातीशी धरत होता. हात इतके थरथरत होते की उचललेला सेल परत पडायचा, की परत उचलायचा. "इथं नको, इथं नको," असं काही तरी पुटपुटत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता.

काकांची मूठ सैल झाली. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

डोकरी आपला हात चोळत त्याच्याकडे बघत होती. मग म्हणाली, "वावर गावाला पोरां भुकेनं मेली तवा मी तठंच होते, लेकीच्या घरी. गाड्या भरून साहेब आले. सगळां बेस होईल बोलले. एकाचा पण हात असा कापत नव्हता." तिनं काठी साहेबांकडे केली. "याचा कापतो. काढा ती माती."

आणि सगळ्यात आधी तीच खाली बसली, स्वतःच्या नातवाच्या राबात. मग काकांनी फावडं आणलं.

ती दुपार आठवली की आजही माझे खांदे दुखतात. फावडी, खुरप्या, घमेली, ज्याच्या हाताला जे लागलं ते. तोंडाला ओली फडकी बांधून सगळा पाडा माती खरवडत होता आणि ढग डोक्यावर येऊन उभे होते. बायका खरवडलेल्या मातीत मिसळलेलं बी बघून हळहळत होत्या आणि गोण्या भरत होत्या. साहेब अनवाणी इकडून तिकडे धावत होते, पहिल्यांदाच कुणावर न ओरडता. शेवटचा ट्रॅक्टर माळावर पोचला, गोण्या आत गेल्या, साहेबांनी कडी परत ठोकून आपलं जुनं कुलूप लावलं, किल्ली फिरली. तेव्हा कुठं ते पायरीवर बसले. पाऊस त्या दिवशी आला नाही, दोन दिवसांनी आला. पण आम्हाला ते कुठं माहीत होतं?

ग्रामसभेत मॅनेजर त्याच मऊ आवाजात म्हणाला, राख पूर्ण सुरक्षित आहे, गैरसमज झालाय. साहेब मागून उठले, पँट सावरत. "ही भट्टी मी चालवतो. कचऱ्यातून वीज होते, त्यात खोटं काही नाही. पण राखेला न्यायला जागा नाही तोवर ती पेटवायची नाही. मी पेटवणार नाही." खाली बसले. त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात मुद्देसूद भाषण असावं. ठराव बारगळला. काम बंद ठेवायचं ठरलं तेव्हा भट्टी त्यांनी स्वतःच थंड केली, काटा खाली खाली येताना माझ्या शेजारी उभं राहून बघत राहिले. "आजपासून तिला उपास," एवढंच म्हणाले. त्या माणसाचा त्या लोखंडावर जीव होता. मला रडू आवरलं नाही. त्यांची नोकरी गेली हे सांगायला नकोच.

साहेब गेले म्हणजे लगेच गेले नाहीत. आधी खांद्याला पिशवी अडकवून मोखाड्याच्या बाजूचे पाडे पालथे घातले. दारात उभं राहून, "मूठभर नाचणी द्या, पेरायला." लोकांना वाटलं, कुणी नवस फेडतोय. कुणी नाचणी दिली, कुणी वरई, कुणी भात. त्या वर्षी आमच्या शेतात लाल, पांढरी, हळवी, गरवी अशी सगळी सरमिसळ उगवली. एक पिकलं तर दुसरं हिरवं. काका कापणीला शिव्या घालत होते, पण त्या शिव्यांना धार नव्हती.

जव्हारच्या डेपोवर मी त्यांना सोडायला गेले. एसटी लागली, ते चढले, खिडकीशी बसले. गळ्यात काळा दोरा दिसला तशी मी आत चढले. "साहेब, किल्ली."

त्यांनी ती मुठीत धरली. "कंपनी गाडी पाठवेलच. पाठवायला हवी." मग म्हणाले, "तू उद्या लग्न करून जाशील."

"जाईन. विहीर कुठं जाणार आहे?"

त्यांनी दोरा डोक्यावरून काढून माझ्या हातात दिला. मी खाली उतरले. एसटी हलली, दहा पावलं गेली आणि थांबली. साहेब दारातून पिशवीसकट खाली उडी मारत होते, कंडक्टर ओरडत होता. "कोपऱ्यातला पत्रा!" ते पँट सावरत धापा टाकत म्हणाले. "तो बसवायचा कसा, ते दाखवायचं राहिलं." एसटी गेली. आम्ही परत माळावर गेलो, त्यांनी वर चढून पत्रा ठोकला, मला ठोकायला लावला, आणि दुसऱ्या दिवशी गेले.

गाडी अजून आलेली नाही. मी अर्ज करते, फोन करते, भांडते. साहेबांसारखा आवाज चढायला लागलाय असं आई म्हणते. आता मी जव्हारला एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळते, तिथूनच माळावर जाते. कंपनीचा फलक गंजून पडलाय. चिमणीवर वेल चढलाय. खोली तशीच आहे, भरलेली, आणि काळा दोरा माझ्या गळ्यात. दर वर्षी राब भाजायच्या दिवसांत मी दार उघडते, वर चढते, पत्रा हलवून बघते, गोण्यांखाली हात घालून बघते. विहिरीवर बायका असतात, वर बघून विचारतात, "कसां हाय गो?" मी मान हलवते, मग त्या हंडा बुडवतात.

यंदाही पत्र्यावरून उतरले आणि तिथंच उभं राहून ठरल्याप्रमाणे साहेबांना फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला. ते नमस्कार-चमत्कार करत नाहीत.

"कोरडी आहे?"

"कोरडी आहे, साहेब."

पलीकडून भांड्यावरचं झाकण काढल्याचा आवाज आला. घड्याळात बघितलं, दुपार केव्हाच टळली होती.

"बरं," साहेब म्हणाले. "मग मी आता जेवतो."